बास्केटबॉलचा तरुण खेळाडू आणि त्याचा गुरु

बास्केटबॉल हा खेळ कोणी, कोठें व केव्हां काढला हें नेमकें सांगतां येतें. खेळांच्या इतिहासांत असा योग क्वचितच आढळतो. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षक-विद्यालयांत जेम्स नेस्मिथ नांवाचे, कॅनडांत जन्मलेले, एक व्यायामशिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि आंत कोंडून पडलेले, कंटाळलेले विद्यार्थी! त्यांना कांहीं तरी नवें देणें भाग होतें. नेस्मिथ यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्ज्याला दहा फुटांच्या उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि खेळ सुरू झाला. पुढें १८९८ सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत गेले. तेथील त्यांचा विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन याला जेव्हां दुसऱ्या एका कॉलेजकडून संघाचा प्रशिक्षक होण्याविषयीं बोलावणें आलें, तेव्हां हा खेळ शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, अशा अर्थाचें कांहींसें नेस्मिथ यांनीं त्याला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. मौज अशी कीं, कॅन्ससच्या आजवरच्या प्रशिक्षकांत ज्यांच्या नांवावर विजयांपेक्षां पराजयच अधिक आहेत असे गृहस्थ एकच, आणि ते म्हणजे या खेळाचे जनक स्वतः नेस्मिथ. त्यांचे विजय ५५ आणि पराजय ६०!

ॲलन यांनीं गुरूचा सल्ला मानला नाहीं. ते पुढें कॅन्ससचे नामांकित प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखालीं डीन स्मिथ खेळले. उत्तर कॅरोलायना विद्यापीठांत स्मिथ यांच्या हाताखालीं लॅरी ब्राउन तयार झाले. आणि ब्राउन यांच्याजवळ राहून ग्रेग पॉपोविच यांनीं धंदेवाईक खेळाचे धडे घेतले. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांत गंडाबंध शिष्यांची मालिका सांगतात, तशीच ही मालिका आहे. जो खेळ शिकवितां येत नाहीं असें त्याच्या जनकालाच वाटत होतें, त्याच खेळांत शंभरांवर वर्षें अखंड गुरुपरंपरा चालत आली. मग हे गुरु शिकवितात तरी काय? विशेषतः ज्या तरुणाला त्याच्या कौशल्याबद्दल आधींच भरपूर वेतन मिळूं लागलें आहे, त्याला शिकविण्यासारखें उरतें काय?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं त्या तरुणाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंतील मुख्य धंदेवाईक मंडळ नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन हें होय. दर वर्षीं तेथें नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते. तिला ड्राफ्ट असें म्हणतात. ज्याची त्याची पाळी आली कीं तो तो संघ एक नांव पुकारतो, आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा एका संध्याकाळींत श्रीमंत होतो. लोकांना वाटतें, याचें शिक्षण आतां पुरें झालें. वस्तुतः तें त्या दिवशीं नव्यानें सुरू होतें. शाळेंत व कॉलेजांत तो सर्वांत उंच, सर्वांत चपळ व सर्वांत बलवान् असतो. येथें मात्र भोंवतालचे सारेच तसे असतात. जी युक्ति काल हमखास साधत होती ती आज दहा वर्षें मुरलेल्या प्रतिस्पर्ध्याला आधींच ठाऊक असते. शिवाय ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८२ सामने आणि त्यांच्या दरम्यान शहरांमागून शहरें असा प्रवास. निवांतपणें सराव करण्यास दिवस थोडेच मिळतात.

आतां प्रशिक्षकाची बाजू पाहूं. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि एका वेळीं एका संघाचे पांच खेळाडू मैदानांत असतात. म्हणजे एका सामन्यांत वांटून देण्यासाठीं प्रशिक्षकापाशीं बरोबर २४० मिनिटें असतात; त्यांत एकाचीही भर घालतां येत नाहीं. (सामना बरोबरींत सुटून जादा वेळ खेळावा लागला तर गोष्ट निराळी.) नवशिक्याला दिलेलें प्रत्येक मिनिट कोणा तरी जाणत्या खेळाडूपासून काढून घ्यावें लागतें. नवशिका त्या मिनिटांत चुकणार हें निश्चित. त्या चुकीनें सामना हातचा जाण्याचाही संभव असतो. आणि असे सामने वारंवार गेले तर पहिली गदा येते ती प्रशिक्षकाच्याच नोकरीवर. उलट, नवशिक्याला चुकण्याची संधिच न दिली तर तो शिकणार कसा? आजचा विजय कीं उद्यांचा खेळाडू, हा पेंच प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यांत पडतो. हीं २४० मिनिटें तो कशीं खर्च करतो आणि तीं देतांना किंवा परत घेतांना कोणते शब्द वापरतो, यावर तरुण खेळाडूचें पुढील आयुष्य पुष्कळ अंशीं ठरतें.

२००१ सालच्या निवडीचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. त्या वर्षीं सर्वांत पहिलें नांव पुकारलें गेलें तें क्वामी ब्राउन याचें. शाळेंतून थेट आलेल्या मुलाची पहिल्याच क्रमांकावर निवड होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्याच निवडींत अठ्ठाविसावें नांव होतें टोनी पार्कर याचें. दोघेही १९८२ सालीं जन्मलेले, दोघेही एकोणीस वर्षांचे. ब्राउनला घेतलें वॉशिंग्टनच्या संघानें. त्या वेळीं तेथील सूत्रें मायकेल जॉर्डन यांच्या हातीं होतीं, आणि त्याच शरदृतूंत वयाच्या ३८ व्या वर्षीं ते स्वतः खेळाडू म्हणून मैदानांत परतले. ज्याचे खेळण्याचे दिवस थोडे उरले आहेत त्याला विजय आजच हवा असतो. अशा संघांत शाळकरी मुलाच्या चुका सोसण्यास अवकाश कोठून असणार? पहिल्या वर्षीं ब्राउनला सामन्यागणिक सरासरीनें १४ मिनिटें मिळालीं. पार्करला सॅन अँटोनियोच्या स्पर्स संघांत त्याच वर्षीं २९ मिनिटें मिळालीं, आणि हंगामाच्या आरंभींच पॉपोविच यांनीं त्याला पहिल्या पांचांत उतरवून संघाचा खेळ चालविण्याचें काम त्याच्यावर सोंपविलें.

पुढें ब्राउन बारा हंगाम व सात संघांतून खेळला. त्याची सरासरी सामन्याला ६.६ गुणांची राहिली. बारा वर्षें या मंडळांत टिकणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पहिल्या क्रमांकाकडून लोकांची अपेक्षा फार मोठी होती. पार्करच्या संघानें त्याच्या काळांत चार वेळां अजिंक्यपद मिळविलें, आणि २०२३ सालीं या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला. मात्र हा सारा फरक प्रशिक्षकांनीं केला असें म्हणणें घाईचें होईल. पार्कर कोरा आला नव्हता. त्याचे वडील युरोपांत धंदेवाईक खेळाडू होते. पॅरिसच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेंत त्याचें शिक्षण झालें होतें. आणि तेथीलच एका धंदेवाईक संघाकडून तो दोन वर्षें मोठ्या माणसांबरोबर खेळला होता. ब्राउनच्या वांट्यास ही उमेदवारी आलीच नाहीं. कोणत्याही धंद्यांत उमेदवारीचे दिवस गाळून एकदम गादीवर बसविलेल्या मुलाची जी तारांबळ होते तीच येथें झाली. पुढें २००५ सालच्या करारानें निवडीसाठीं किमान वय १९ ठरलें आणि अमेरिकन खेळाडूंस शाळा सोडल्यावर एक वर्ष थांबणें आवश्यक झालें. त्याशिवाय २००१ सालीं आठ संघांवर सुरू झालेलें उमेदवारांचें दुय्यम मंडळ वाढत जाऊन आज जवळजवळ प्रत्येक संघाला त्यांत आपला एक शिकाऊ संघ ठेवतां येतो. जीं मिनिटें मुख्य सामन्यांत देणें परवडत नाहीं, तीं तेथें देतां येतात.

पॉपोविच यांची स्वतःची उमेदवारीही पाहण्यासारखी आहे. हवाईदलाच्या अकॅडमींतून १९७० सालीं पदवी घेतलेला हा गृहस्थ १९७९ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना-पिट्झर या कॉलेजांच्या संघाचा प्रशिक्षक झाला. तेथें खेळासाठीं शिष्यवृत्ति नव्हती. मुलें अभ्यास करीत आणि उरलेल्या वेळांत खेळत. पहिल्या हंगामांत विजय २ आणि पराजय २२! ज्यानें असे दिवस काढले त्याला चुकणाऱ्या मुलांकडे धीरानें पाहण्याची संवय लागते. स्पर्स संघाचें प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आलें तें १९९६ सालच्या डिसेंबरांत.

परंतु धीर म्हणजे लाड नव्हेत, हें पार्करला लवकरच समजलें. निवडीपूर्वींच्या पहिल्याच चांचणींत संघाच्या एका निरीक्षकानें, जो पूर्वीं स्वतः धंदेवाईक खेळाडू होता, त्याला अंगाच्या जोरावर इतकें बेजार केलें कीं पॉपोविच त्याला घरीं धाडावयास निघाले होते. सहकाऱ्यांनीं आग्रह धरला म्हणून दुसरी चांचणी झाली व तींत तो उतरला. संघांत आल्यावरही भर मैदानांत, हजारों प्रेक्षकांसमोर त्याला खरमरीत बोल ऐकावे लागत. असे बोल त्या मुलानें कां सोसले? एक कारण असें कीं, बोलणी खाऊनही दुसऱ्या दिवशीं पहिल्या पांचांतील त्याची जागा त्याचीच असे. दुसरें कारण टिम डंकन. १९९७ सालीं पहिल्या क्रमांकावर निवडलेला व संघाचा आधारस्तंभ असलेला हा खेळाडू पॉपोविच यांची कडक बोलणी मान खालीं घालून ऐकत असे. वर्गांतील सर्वांत हुशार मुलाला जो शिक्षक टोंकतो त्याच्याविषयीं इतर मुलांची तक्रार उरत नाहीं. थोरल्याला जो न्याय तोच धाकट्याला, हें एकदां दिसलें म्हणजे कठोर शब्दांतील विष जातें आणि औषध तेवढें उरतें.

२००३ सालीं स्पर्स अजिंक्य ठरले, तेव्हां पार्कर २१ वर्षांचा होता. तथापि अंतिम मालिकेच्या शेवटच्या सामन्यांत, अखेरच्या निर्णायक भागांत, बहुतेक वेळ त्याच्या जागीं दुसरा खेळाडू मैदानांत होता. संघ अजिंक्य होत असतांना तो बांकावर बसून पाहत होता. एवढ्यानें भागलें नाहीं. त्याच उन्हाळ्यांत त्याच्याच जागेवरचा त्या काळचा अग्रगण्य खेळाडू जेसन किड याला आपल्याकडे ओढण्याचा स्पर्स संघानें उघड प्रयत्न केला. किड आला नाहीं. पार्करची जागा टिकली. पण विजयी संघांतील आपली जागाही कायमची नाहीं हें त्या तरुणाला समजलें. धंदेवाईक खेळांतील शिक्षण शाळेंतील शिक्षणाहून वेगळें पडतें तें येथें. शाळेंत मास्तर विद्यार्थ्याला नापास करील, पण त्याचें बांक दुसऱ्याला विकणार नाहीं.

यानंतर पार्कर जें शिकला तें खरें तर कांहीं तरी सोडून देणें होतें. त्याची गति विलक्षण होती. बचाव करणाऱ्यांना चुकवून तो टोपलीपर्यंत सहज पोंचे. परंतु दुरून मारलेली त्याची फेक भरंवशाची नव्हती. २००५ सालीं चिप एंगलंड नांवाचे सहायक प्रशिक्षक संघांत आले. फेक सुधारणें हेंच त्यांचें काम. त्यांनीं पार्करच्या अंगठ्याची ठेवण व चेंडू सोडण्याची रीत बदलली. याच वेळीं तीन गुणांची लांब फेक जवळजवळ बंद करण्यास त्याला सांगण्यांत आलें. तीन गुणांचा मोह टाकून दोन गुणांची वाट पक्की करावयाची, असा हा बेत होता. परिणाम आंकड्यांत दिसतो. २००४-०५ च्या हंगामांत त्याच्या शेंकडा ४८ फेकी साधल्या होत्या. पुढच्याच हंगामांत त्या शेंकडा ५५ च्या घरांत गेल्या. मैदानाच्या मधल्या गर्दींत उंच खेळाडूंनीं राज्य करावें असा दंडक; तेथें हा सव्वासहा फुटांच्या आंतला तरुण सर्वांच्या पुढें गेला. २००७ सालच्या अंतिम मालिकेंत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. तो मान मिळविणारा युरोपांतून आलेला हा पहिला खेळाडू. चार वर्षांपूर्वीं ज्याला शेवटचीं मिनिटें नाकारलीं होतीं, त्याच्याच हातीं आतां तीं होतीं.

एंगलंड यांच्या हातगुणाचें दुसरें उदाहरण कवाय लेनर्ड याचें. २०११ सालच्या निवडींत तो पंधरावा होता. कॉलेजांतील दोन वर्षांत त्याच्या लांब फेकी चारांतून एक या प्रमाणांतच साधल्या होत्या. म्हणून पुष्कळांनीं त्याला केवळ बचाव करणारा गडी मानलें. चेंडू सोडतांना तो डोक्यावर बराच मागें नेण्याची त्याची रीत होती. एंगलंड यांनीं तो थोडा पुढें व खालीं आणविला. धंदेवाईक मैदानावर लांब फेकीची रेघ कॉलेजांतल्याहून दूर असते. असें असूनही पहिल्याच हंगामांत लेनर्डच्या शेंकडा ३७ हून अधिक फेकी साधल्या. तीन वर्षांत, २०१४ सालीं, वयाच्या २२ व्या वर्षीं तो अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. येथें प्रशिक्षकानें मुलाला नवें अंग दिलें नाहीं. असलेल्या सामर्थ्याच्या वाटेंतला एक लहानसा अडथळा ओळखला आणि तो दूर होईपर्यंत तीच एक गोष्ट त्याच्याकडून करवून घेतली. सतारीची खुंटी किंचित् पिळावी आणि सारा सूर जागेवर यावा, तसा हा प्रकार.

शब्द कसे वापरावेत याचा तर चक्क शास्त्रीय अभ्यास झाला आहे. लॉस एंजल्स येथील विद्यापीठाच्या संघास बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदें मिळवून देणारे जॉन वुडन हे मूळचे इंग्रजीचे शिक्षक. करीम अब्दुल-जब्बार व बिल वॉल्टन हे पुढें गाजलेले धंदेवाईक खेळाडू त्यांचेच विद्यार्थी. हंगामाच्या पहिल्या दिवशीं हे गुरुजी मुलांना काय शिकवीत? तर पायमोजे व बूट कसे घालावेत हें! मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला कीं सराव बुडतो, हा साधा हिशेब. १९७४-७५ च्या हंगामांत, म्हणजे त्यांच्या शेवटच्या वर्षीं, थार्प व गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं त्यांच्या पंधरा सरावांना बसून त्यांच्या शिकविण्याच्या २,३२६ कृति टिपून घेतल्या. स्तुतीचें प्रमाण शेंकडा ७ च्या आंत निघालें, नुसत्या रागावण्याचेंही तितपतच. आणि सुमारें तीन चतुर्थांश बोलणें काय करावें व कसें करावें या निव्वळ माहितीचें होतें. मुलगा चुकला कीं वुडन योग्य रीत करून दाखवीत, लगेच त्याची चूक जशीच्या तशी करून दाखवीत आणि पुन्हां योग्य रीत दाखवीत. हें सारें क्षणभरांत उरकून सराव पुढें चालू होई. शाबासकी कीं छडी, या वादांत अडकलेल्या पालकांनीं व शिक्षकांनीं हे आंकडे मनांत ठेवण्यासारखे आहेत. मुलाला बहुतेक वेळां दोहोंपैकीं कशाचीच गरज नसते. पुढची कृति कोणती करावी एवढेंच त्याला हवें असतें.

तथापि गुरूच्या हाताला मर्यादा आहेत. अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली १९९९ सालीं सत्तावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २००२ सालीं स्पर्स संघांत आला. नको तेथें धाडस करणें, अशक्य वाटणारे पास देणें ही त्याची प्रकृति. पॉपोविच यांनीं आरंभीं त्याला वळण लावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटीं त्याच्या स्वैर खेळांतच संघाचा लाभ आहे हें ओळखून स्वतःचा हात आवरला. पार्करला आवळून धरणाऱ्या गुरूनेंच जिनोबिलीला मोकळें सोडलें. दोन्ही ठिकाणीं निर्णय योग्य ठरला, याचें कारण दोन्ही ठिकाणीं त्यानें आधीं माणूस पाहिला. आणि सर्वच शेवट गोड होतात असेंही नाहीं. २०१७-१८ च्या हंगामांत मांडीच्या दुखापतीवरील उपचारांवरून लेनर्ड व संघ यांत बेबनाव झाला. २०१८ च्या जुलैंत तो टोरोंटोच्या संघांत गेला आणि पुढच्याच वर्षीं तेथेंही अजिंक्यपदाचा मानकरी झाला. शिकविलेली फेक त्याच्याबरोबर गेली. विश्वास मात्र मागें राहिला. वर्षानुवर्षें जमविलेला विश्वास एका हंगामांत खर्चीं पडतो, हें कोणत्याही गुरूला विसरून चालत नाहीं.

पॉपोविच यांनीं मंडळाच्या नियमित सामन्यांत १,४२२ विजय मिळविले. इतके विजय दुसऱ्या कोणाच्याही नांवावर नाहींत. २०२३ सालीं फ्रान्समधून आलेला एकोणीस वर्षांचा व्हिक्टर वेंबन्यामा पहिल्या क्रमांकावर त्यांच्याच हातीं आला. त्याला पहिल्या वर्षाच्या खेळाडूंतील सर्वोत्कृष्टतेचा मान एकमतानें मिळाला. २०२४ च्या नोव्हेंबरांत पॉपोविच यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २०२५ च्या मे महिन्यांत त्यांनीं प्रशिक्षकपद सोडलें. त्यांच्या जागीं आले ते त्यांचेच सहायक मिच जॉन्सन. विजयांची नोंद मंडळाच्या दप्तरांत राहील. परंतु एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाला चुका करण्यासाठीं दिलेलीं मिनिटें आणि त्यांपायीं पत्करलेले पराजय यांचा वेगळा रकाना कोणत्याही दप्तरांत नसतो. प्रशिक्षकाचें खरें भांडवल तेथेंच गुंतलेलें असतें. आणि त्याचें व्याज पुष्कळदां दहा वर्षांनीं, कधीं कधीं तर दुसऱ्याच्याच घरीं, जमा होतें.